गोरोंगोसा नॅशनल पार्क

गोरोंगोसा हे मोझांबिकच्या सोफाला प्रांतातलं नॅशनल पार्क, साधारण ४,००० चौ. किमी. पोर्तुगीजांनी १९६० मध्ये त्याला हा दर्जा दिला. पार्कभोवतीच्या राखीव पट्ट्यात, म्हणजे बफर झोनमध्ये, जवळपास २ लाख लोक राहतात आणि त्यांना बाजूला ठेवून इथलं एकही जनावर वाचलं नसतं, म्हणून या पार्कबद्दल सांगायचं तर गावांबद्दलच जास्त सांगावं लागतं.

१९७७ ते १९९२ च्या यादवी युद्धात दोन्हीकडच्या सैनिकांनी मांसासाठी, हस्तिदंतासाठी मनसोक्त शिकार केली आणि ९० टक्क्यांहून जास्त मोठी जनावरं संपली. सुळेवाले हत्ती आधी मारले गेले, त्यामुळे युद्धानंतर उरलेल्या हत्तिणींमध्ये जवळजवळ निम्म्या बिनसुळ्याच्या निघाल्या, आधी हे प्रमाण पाचात एकसुद्धा नव्हतं. वाचूनच अंगावर काटा येतो.

२००८ मध्ये अमेरिकन उद्योजक ग्रेग कार यांच्या फाउंडेशनने पार्क पुन्हा उभं करायला सरकारशी २० वर्षांचा करार केला. बाहेरून रानम्हशी आणल्या, २०१८ मध्ये रानकुत्री सोडली, वॉटरबक हरणं तर आता ५० हजारांच्या वर आहेत.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते कॉफीचं काम. शेजारचा गोरोंगोसा डोंगर १,८६३ मीटर उंच, तिथल्या नद्यांचं पाणी खाली उरेमा तलावात येतं आणि त्यावरच पार्क जगतं. डोंगरावरचे लोक मक्यासाठी जंगल तोडून जाळायचे, आपल्याकडे कुमरी करायचे तसंच, आणि पोट भरायला दुसरं काही नसेल तर माणूस करणार तरी काय. मग तिथं कॉफी लावली, कॉफीला सावली लागते म्हणून सोबत रानातलीच झाडं लावली, म्हणजे शेतकऱ्याला पैसा मिळतो आणि त्याच जमिनीवर जंगलही परत उभं राहतं.

खाली पुंग्वे नदीकाठी हत्ती रात्री मक्यात घुसतात, तिथं खांबांना तार ओढून मधमाश्यांच्या पेट्या टांगल्यात. हत्तीचा तारेला धक्का लागला की पेट्या हलतात, माश्या बाहेर येतात आणि एवढं अवाढव्य जनावर मागं फिरतं. वर मधही मिळतो!

मुलींची शाळा सुटू नये, कोवळ्या वयात लग्न होऊ नये म्हणून गावोगाव मुलींचे क्लबही पार्कच चालवतं. आणि मार्च २०१९ मध्ये इडाई चक्रीवादळात गावं पाण्याखाली गेली तेव्हा पार्कचेच रेंजर, म्हणजे वनरक्षक, गस्त सोडून बोटीने, हेलिकॉप्टरने धान्य पोचवत होते, त्यातले कितीतरी त्याच गावांतले.