डोंगरातल्या तळ्याची खोली

डोंगरातल्या गोड्या पाण्याच्या लहान तळ्याची लांबी-रुंदी उपग्रहचित्रावरून सहज काढता येते. पण तळे किती पाणी धरते, ते किती दिवस थांबते आणि तळाशी मासे तग धरतात का, हे खोलीवर ठरते. ती मात्र पाण्यावर जाऊनच मोजावी लागते.

त्यासाठी न ताणणारा दोर घ्यावा, दर अर्ध्या मीटरला खूण करावी आणि टोकाला किलो-दोन किलोचे चपटे वजन बांधावे. टोकदार ओळंबा मऊ गाळात रुततो आणि खोली उगाच जास्त भरते. खुणा दोर भिजवून, वजन लावल्यावरच कराव्यात. वाऱ्याने होडी सरकली की दोर तिरका जातो; ३० अंशांच्या तिरकेपणाने खोली सुमारे १५ टक्क्यांनी फुगते. म्हणून हे काम सकाळी, वारा सुटण्याआधी उरकावे. काठावर पट्टी रोवून त्या दिवसाची पाणपातळी टिपली नाही, तर पुढची मापे या मापांशी जुळवता येत नाहीत.

दर वीस मीटरला एक माप घेतले की समान खोलीच्या रेषा काढता येतात. लागोपाठच्या दोन रेषांच्या आतली क्षेत्रफळे घ्या, त्यांची सरासरी काढून दोन रेषांमधल्या खोलीच्या फरकाने गुणा. अशा सगळ्या थरांची बेरीज म्हणजे तळ्यातले पाणी.

समजा, साडेचार हेक्टरच्या तळ्याची सरासरी खोली ४ मीटर आहे. पाणी झाले १,८०,००० घनमीटर. कोरड्या दिवसांत सेकंदाला २० लिटर पाणी बाहेर पडत असेल, तर तेवढे पाणी बदलायला साधारण १०४ दिवस लागतील. पावसाळ्यात हाच प्रवाह ५०० लिटर झाला, की चारच दिवस! त्यामुळे कोरड्या दिवसांत तळ्यात शिरलेले सांडपाणी सर्वांत घातक ठरते, कारण ते वाहून जात नाही.

उन्हाळ्यात वरचे पाणी तापून हलके होते आणि खालच्या थंड पाण्यावर तरंगत राहते. २४ वरून २५ अंश सेल्सिअसला जाताना पाण्याची घनता जितकी घटते, ती ४ वरून ५ अंशांना जातानाच्या घटीच्या सुमारे तीसपट असते. म्हणून उबदार हवामानात दोन-तीन अंशांचा फरकही थर वेगळे ठेवायला पुरतो. दर मीटरला तापमान घेत खाली गेल्यास ही सीमा स्पष्ट सापडते. तिच्याखाली कुजणारा पाला ऑक्सिजन संपवतो, मग गाळात लोहाशी बांधलेला फॉस्फरस सुटतो आणि थर मिसळले की शेवाळ माजते. नैनितालच्या तलावात २००७ पासून तळाशी हवा सोडली जाते, ती याच त्रासावर उपाय म्हणून.

काही वर्षांनी त्याच ठिकाणांची खोली पुन्हा मोजली की गाळ किती साचला ते कळते. ओढ्याच्या मुखाशी मापे दाटीने घ्यावीत; जाड वाळू तिथेच बसते. बारीक गाळ मात्र सरकत सर्वांत खोल भागात जातो, त्यामुळे तिथले माप कधीही चुकवू नये.