मोठी लालसरी : खानदेशातील निरीक्षण

मोठी लालसरी (शास्त्रीय नाव नेट्टा रुफिना) हे अ‍ॅनॅटिडी कुलातील, बुडी मारून चरणाऱ्या बदकांच्या गटात गणले जाणारे स्थलांतरित बदक असून हिवाळ्यात ते तापी खोऱ्यातील जलाशयांवर उतरते. पालास या प्रकृतिवैज्ञानिकाने 1773 मध्ये या जातीचे वर्णन केले. तिची वीण दक्षिण युरोपपासून मध्य आशिया व मंगोलियापर्यंतच्या सरोवरांवर होते. खानदेशातील आगमन साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरचे आणि परतीचा प्रवास मार्च-एप्रिलचा मानावा. पाऊसमानानुसार त्यात पुढे-मागे होते.

ही जात खऱ्या अर्थाने बुडी मारणारी आहे काय, हा प्रश्न पक्षिवैज्ञानिकांत पूर्वीपासून चर्चिला गेला आहे. मागच्या बोटावरील रुंद पाळी हे बुडी मारणाऱ्या बदकांचे लक्षण तिच्यात स्पष्ट दिसते. तथापि छोटी लालसरी, शेंडी बदक इत्यादी आयथिया प्रजातीतील बदकांपेक्षा ती पाण्यावर उंच तरंगते, तुलनेने सहज उडते आणि तलवार बदक किंवा थापट्या यांच्याप्रमाणे शेपटी वर करून, डोके बुडवूनही चरते. देलाकूर आणि मायर या पक्षिवैज्ञानिकांनी 1945 मध्ये मांडलेल्या बदकांच्या वर्गीकरणात तिला आयथियाबरोबर एकाच गटात ठेवले होते. पुढील काळातील रेण्वीय (डीएनएवर आधारित) अभ्यासांनी नेट्टा प्रजातीतील जाती परस्परांच्या कितपत निकट आहेत याविषयी शंका उपस्थित केल्या असल्या, तरी या जातीला बुडी मारणाऱ्या गटातच ठेवणे अधिक सयुक्तिक वाटते. निरीक्षकाच्या दृष्टीने या वादाचे महत्त्व एवढेच, की उथळ पाण्यात डोके बुडवून चरणारा थवा पाहून ही जात नव्हे असा निष्कर्ष काढू नये.

नराचे नारिंगी-तांबूस गोलसर डोके, पोवळ्यासारखी लाल चोच, काळी छाती व पांढऱ्या कुशी दुर्बिणीतून सहज ओळखू येतात. मादी तपकिरी असून तिचे फिकट गाल गडद टोपीखाली उठून दिसतात. खरी अडचण हंगामाच्या प्रारंभी येते. वीणोत्तर पिसारा पूर्णपणे न बदललेला नर मादीसारखाच दिसतो, परंतु त्याची चोच मात्र लालच राहते. अशा वेळी केवळ पिसाऱ्यावरून नर-मादींचे प्रमाण काढणे योग्य नाही. उडताना पंखांवरील रुंद पांढरा पट्टा दोघांतही दिसतो.

आहार मुख्यतः वनस्पतिजन्य असून त्यात कांडशरीरिका गटातील (कारा इत्यादी) शैवले व हायड्रिलासारख्या पाण्याखालच्या वनस्पती येतात. त्यामुळे ही बदके कोठे सापडतील हे पाण्याच्या विस्तारापेक्षा खोली व नितळपणा यांवर ठरते. भुसावळ तालुक्यातील हतनूर धरणाचा फुगवटा या दृष्टीने विशेष उल्लेखनीय होय. तापी आणि पूर्णा यांचा चांगदेव येथे होणारा संगम या फुगवट्याच्या परिसरात येतो. दोन्ही नद्यांनी आणलेल्या गाळाने जलाशयाचा मोठा भाग उथळ झाला असून, सिंचनाच्या दृष्टीने तोट्याची असलेली ही गोष्ट पाणवनस्पतींना, आणि म्हणून या बदकांनाही, अनुकूल ठरली असावी. पावसाळ्यात गढूळ असलेले पाणी हिवाळ्यात निवळते, सूर्यप्रकाश तळापर्यंत पोचतो व चराईचे पट्टे तयार होतात. महत्त्वाच्या पक्षिक्षेत्रांच्या यादीत हतनूरचा समावेश आहे.

हे धरण 1982 च्या सुमारास पूर्ण झाले. खानदेशातील पक्षिनोंदी मात्र त्याहून बऱ्याच जुन्या आहेत. मुलकी अधिकारी डेव्हिडसन यांची पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची यादी 1882 मध्ये प्रसिद्ध झाली. खानदेश जिल्ह्याची पूर्व व पश्चिम अशी विभागणी 1906 मधील असल्याने त्या यादीतील ‘पश्चिम’ हा शब्द प्रशासकीय नव्हे, भौगोलिक समजावा. या पश्चिम भागात, म्हणजे धुळे-नंदुरबारकडील लहान तलावांवर पाणी लवकर ओसरते, त्यामुळे तेथील मुक्काम अल्पकालीन असण्याचा संभव अधिक.

आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून दरवर्षी जानेवारीत होते. या जातीची गणना करताना थव्यातील काही पक्षी सतत पाण्याखाली असतात, शिवाय वारकरी (चांदवा) पक्ष्यांच्या दाट थव्यांत ती मिसळते. म्हणून सूर्य पाठीशी ठेवून, काठावर एका जागी बसून, एकाच थव्याची पुनःपुन्हा मोजणी करणे व त्यांतील मोठा आकडा स्वीकारणे इष्ट ठरते. नावेतून जवळ गेल्यास थवा विखुरतो आणि दुबार मोजणी होते. जानेवारीनंतर पाणी उतरून काठच्या गाळपेर जमिनीवर लागवडीची वर्दळ वाढते व थवे मध्यभागी सरकतात. त्या काळात दुर्बिणीऐवजी तिवईवरील टेलिस्कोप वापरावा लागतो.