खुंट्यांचा पाट लाकडी की प्लास्टिकचा, याने फरक पडतो

‘नऊ खुंट्या, नऊ भोकं. पाट कशाचाही असू द्या, सेकंद तेवढेच लागतात.’ बोटांची चपळाई मोजणारी नऊ खुंट्यांची चाचणी (नाइन-होल पेग टेस्ट) घरच्या घरी करा असं सांगणाऱ्या मेसेजमध्ये हे वाक्य हमखास असतं. ते पटतंही, कारण दिसायला दोन्ही पाट सारखेच.

चाचणी अशी: एका हाताने एकेक खुंटी उचलून भोकात बसवायची, मग सगळ्या काढून परत ठेवायच्या आणि वेळ मोजायची. निरोगी तरुणाला साधारण १६ ते २० सेकंद लागतात. वेळ जाते ती मुख्यतः उचलताना आणि बसवताना. गुळगुळीत प्लास्टिकची खुंटी घामेजल्या बोटांतून सटकते. लाकडाला पकड मिळते, पण पावसाळ्यात लाकूड फुगलं की तीच खुंटी भोकात अडते. खुंट्या उथळ गोल वाटीत आहेत की चौकोनी खोक्यात, यानेही उचलणं बदलतं. हलका पाट टेबलावर सरकला की दुसऱ्या हाताने धरावा लागतो. म्हणूनच १९८५ साली लाकडी पाटावर निरोगी माणसांना किती सेकंद लागतात याचे प्रमाण आकडे छापले गेले असूनही बाजारातल्या प्लास्टिकच्या संचासाठी २००३ मध्ये वेगळे आले.

पडताळायचं असेल तर आधी थोडा सराव करा, म्हणजे सरावाने कमी होणारी वेळ पाटाच्या नावावर जाणार नाही. मग तोच हात, तीच खुर्ची, दोन्ही पाट आलटूनपालटून तीन-तीन वेळा.

पक्षाघातानंतर महिनोन्‌महिने व्यायाम करून या चाचणीने सुधारणा मोजणाऱ्याला हे आधी सांगायला हवं. २५ सेकंदांचे २८ झाले की माणूस खचतो, आणि कधीकधी बदललेला असतो फक्त पाट. नोंदवहीत सेकंदांशेजारी संचही लिहा.