फॉर्च्यून हेडचा कडा : कँब्रियन कुठून सुरू झाला याची पार्श्वभूमी

न्यूफाउंडलंड बेटाच्या दक्षिणेला बुरीन द्वीपकल्प आहे आणि त्याच्या टोकाजवळ फॉर्च्यून हेडचा समुद्रकडा. करड्या-हिरवट पंकाश्माचे (चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकाचे) थर, मधून मधून वालुकाश्माच्या पातळ पट्ट्या. थर कलते आहेत, त्यामुळे किनाऱ्याने चालत राहिलं की चढ न चढताही आपण जुन्या थरांवरून नव्या थरांकडे जातो. या कड्यात एक जागा अशी आहे जिच्या खाली पृथ्वीच्या इतिहासातला एडिआकारन कालखंड संपतो आणि वर त्यानंतरचा कँब्रियन सुरू होतो. साऱ्या जगासाठी ही सीमा इथेच ठरलेली आहे. ती इथे कशी आली, यावर तीस-पस्तीस वर्षांनंतरही वाद चालू आहे.

कँब्रियन हे नाव १८३५ सालचं, वेल्सच्या जुन्या लॅटिन नावावरून आलेलं. त्या काळी या कालखंडाचा तळ म्हणजे ट्रायलोबाइट (आता नामशेष झालेले कवचधारी सागरी जीव) जिथे पहिल्यांदा दिसतात तो थर, इतकीच ढोबळ समजूत होती. खालचे खडक ‘जीवाश्मविरहित’ मानले जात. विसाव्या शतकात ही समजूत दोन बाजूंनी ढासळली. सायबेरियात ट्रायलोबाइटांच्याही खालच्या थरांत बारीक शिंपलेवजा कवचं सापडली. ऑस्ट्रेलियात, आणि १९६७ पासून न्यूफाउंडलंडच्याच मिस्टेकन पॉइंटच्या किनाऱ्यावर, मऊ शरीराच्या त्याहून जुन्या जीवांचे ठसे मिळाले. जीवसृष्टी तर आधीपासून होतीच, मग रेघ ओढायची कुठे?

१९७२मध्ये यासाठी एक आंतरराष्ट्रीय कार्यगट नेमला गेला. त्याच वर्षी चेक प्रदेशातल्या क्लोंक इथे डेव्होनियन या बऱ्याच नंतरच्या कालखंडाच्या तळाचा पहिला ‘सोनेरी खिळा’ मान्य झाला. या शब्दाने पुढे बराच घोळ घातला आहे, म्हणून तो इथे उलगडून सांगायला हवा. सोनेरी खिळा म्हणजे जीवाश्म नव्हे, वर्षांचा आकडाही नव्हे. तो खडकातला एक ठरावीक बिंदू असतो. जीवाश्म फक्त तो बिंदू दुसऱ्या देशांतल्या थरांत ओळखायला मदत करतो. खूण उद्या चुकीची ठरली तरी बिंदू आपोआप हलत नाही. हे ध्यानात न घेतल्यामुळे फॉर्च्यून हेडवरची निम्मी टीका भलतीकडेच जाते.

तीन ठिकाणं शर्यतीत होती. सायबेरियातल्या आल्दान नदीकाठचे चुनखडकाचे थर, चीनच्या युन्नान प्रांतातलं मेईशुचुन आणि फॉर्च्यून हेड. पहिल्या दोन ठिकाणी कवचांचे जीवाश्म मुबलक होते. १९८३मध्ये कार्यगटाचं बहुमत मेईशुचुनच्या बाजूने पडलं, पण अंतिम मंजुरी लांबणीवर टाकली गेली. माझ्या मते या साऱ्या कथेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच. मेईशुचुनचे फॉस्फेटयुक्त थर फार पातळ आहेत. गाळ साचणं मध्येच थांबलं, पुन्हा सुरू झालं, अशा खाचा त्यांत आहेत. आल्दानकाठीही सीमेच्या अगदी जवळच थरांत खंड पडलेला आहे. जिथे पानंच फाटलेली आहेत तिथे ‘इथून नवा अध्याय’ असं कसं लिहायचं? कवचं तिथे ‘अचानक’ अवतरतात, त्यातलं बरंचसं अचानकपण या खंडांमुळेच येतं.

फॉर्च्यून हेडचं बळ नेमकं उलटं होतं. चॅपल आयलंड नावाने ओळखली जाणारी ही थरमाला सुमारे हजार मीटर जाड आहे आणि सीमेच्या आसपास गाळ जवळजवळ न थांबता साचत गेलेला दिसतो. उणीव एकच होती. सीमेच्या पातळीवर कवचं नाहीत आणि ट्रायलोबाइट तर शेकडो मीटर वर येतात. म्हणून खूण निवडली गेली ती मागाची, म्हणजे जिवाने चिखलात सोडलेल्या वाटेची. ट्रेप्टिक्नस पेडम हे कुठल्या प्राण्याचं नाव नाही, एका बिळाच्या घडणीचं आहे. कृमीसारखा जीव चिखलात शिरतो, वर तोंड काढतो, पुन्हा शिरतो आणि मागे फांद्याफांद्यांची वाट ठेवतो. त्याआधीचे जीव बहुतेक करून तळावरच्या सूक्ष्मजीवांच्या साईवरच सरपटत होते. आता चिखल उकरला जाऊ लागला. हाडं नाहीत, शिंपला नाही, नुसती एक सवय, आणि तिच्यावरून कालखंड ओळखायचा! मला ही निवड आजही धाडसाची आणि रास्त वाटते. १९९१मध्ये मतदान झालं, १९९२मध्ये मंजुरी मिळाली. बिंदू ठरला चॅपल आयलंडच्या दुसऱ्या गटाच्या तळापासून २.४ मीटर वर.

पहिला धक्का २००१मध्ये बसला. तीच बिळं त्याच कड्यात बिंदूच्या सुमारे चार मीटर खाली सापडली. बिंदू हलला नाही, नियमानुसार तो हलायचंही कारण नव्हतं. पण एक अडचण खरी आहे. ही बिळं उथळ समुद्रातल्या सोयीच्या गाळातच टिकतात, त्यामुळे एखाद्या देशात ती उशिरा दिसली तर जीव उशिरा आला की योग्य चिखल उशिरा साचला, हे सांगता येत नाही.

दुसरी अडचण वयाची. फॉर्च्यून हेडला सीमेलगत वय काढण्याजोगा ज्वालामुखी राखेचा थर नाही. कार्बनच्या समस्थानिकांचं (हलक्या-जड कार्बन अणूंचं) प्रमाण थरागणिक कसं बदललं, ती वक्ररेषा नीट वाचावी असा चुनखडकही नाही. म्हणून आकडे बाहेरून येतात. १९८०च्या दशकात पाठ्यपुस्तकांत ५७ कोटी वर्षं असायची. १९९३मध्ये सायबेरियातल्या झिरकॉन स्फटिकांवरून ती ५४.४ कोटींवर आली. पुढे ओमानच्या राखेच्या थरांवरून ५४.१ कोटी झाली. ओमानमध्ये मात्र सीमा बिळांवरून नव्हे, समस्थानिकांतल्या मोठ्या घसरणीवरून जुळवली होती. मग नामिबियात बिळं आणि राख जवळजवळच्या थरांत मिळाली आणि २०२२च्या आंतरराष्ट्रीय कालपटावर ५३.८८ कोटी हा आकडा आला.

अलीकडे काही अभ्यासक बिंदू दुसरीकडे न्यावा, समस्थानिकांच्या घसरणीला मुख्य खूण करावं, असं सुचवतात. दुसरे म्हणतात, ती घसरण जगभर एकाच वेळी झाली हेच आधी पक्कं करा. ठराव झालेला नाही. कड्याचा परिसर संरक्षित आहे, तिथून नमुने उचलायला परवानगी लागते, आणि बिंदू अजून तरी त्याच २.४ मीटरवर आहे.