झोपेची गोळी मेंदूत जाऊन नेमकं करते काय

अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी म्हणजे काय मोठंसं, असं मला पहिल्या दिवशी वाटलं होतं, आणि नंतर हेच वाक्य मी कितीतरी लोकांच्या तोंडून ऐकलंय. तापाची गोळी ५०० मिलिग्रॅमची असते, मग ही अर्धा मिलिग्रॅम तर अगदीच हलकी असणार ना? पण औषधांचं वजन असं एकमेकांशी लावून बघता येत नाही. झोपेसाठी आणि चिंतेसाठी देतात त्या क्लोनाझेपामचा किंवा अल्प्राझोलामचा अर्धा मिलिग्रॅम म्हणजे त्याच प्रकारच्या जुन्या डायझेपाम या औषधाच्या साधारण १० मिलिग्रॅम इतका जोर, म्हणजे आकडा छोटा दिसतो तो गोळी सौम्य आहे म्हणून नाही तर तिची ताकद जास्त आहे म्हणून. (या तुलनेचे तक्ते थोडेफार वेगवेगळे असतात पण अंदाज असाच.) हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी गोळी घेतलीच नसती असं नाही, पण वेगळ्या नजरेनं घेतली असती, म्हणून हे सगळं लिहितोय.

आणि पुढचं वाचायच्या आधी एक गोष्ट, जी सगळ्यात महत्त्वाची आहे. तुम्ही किंवा घरातलं कुणी या गोळ्या काही आठवडे किंवा महिने रोज घेत असाल तर हे वाचून आज रात्रीपासून बंद, असं अजिबात करू नका. का ते पुढे येईलच.

आता मेंदूत काय होतं ते बघू. मेंदूच्या पेशी एकमेकींना सतत निरोप देत असतात, आणि जेवढी गरज "बोल" म्हणणाऱ्या निरोपाची असते तेवढीच "आता गप्प बस" म्हणणाऱ्या निरोपाचीही असते. हा गप्प बसवणारा मुख्य निरोप्या म्हणजे गाबा नावाचं रसायन, जे मेंदूत असतं हे १९५० साली कळलं. पेशीच्या बाहेरच्या आवरणात छोटी छोटी दारं असतात, गाबा येऊन दाराला चिकटला की दार उघडतं, बाहेरचे क्लोराईडचे कण आत येतात, त्यांचा भार ऋण असतो त्यामुळे पेशी थंडावते आणि सहजासहजी पेटत नाही. चिंता, धडधड, डोक्यात चालू असलेली गिरणी, हे सगळं या पेशींच्या अति बडबडीतून येतं असं ढोबळमानाने धरून चालू.

डायझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम ही सगळी बेन्झोडायझेपिन नावाच्या एकाच खानदानातली. यातली कुठलीच गोळी ते दार स्वतः उघडत नाही. ती दाराच्या दुसऱ्याच एका जागी जाऊन बसते आणि जणू बिजागरीला तेल घालते, त्यामुळे गाबा आला की दार जास्त वेळा उघडतं. गाबा नसेल तर नुसत्या तेलानं काही होत नाही. ही गोष्ट बारीक वाटते पण हिच्यामुळेच या औषधांनी जग जिंकलं, कारण त्यांच्या आधीची बार्बिट्युरेट नावाची औषधं (पहिलं १९०३ मध्ये आलं) त्याच दाराला जणू पाचर मारून ठेवायची, दार जास्त वेळ उघडं राहायचं आणि डोस वाढला की गाबा नसला तरी उघडायचं, आणि मग श्वास चालवणाऱ्या पेशीसुद्धा गप्प व्हायच्या. त्यात किती माणसं गेली असतील.

बेन्झोडायझेपिन सापडली ती गोष्टही सांगण्यासारखी आहे. लिओ स्टर्नबाख हे रसायनशास्त्रज्ञ न्यू जर्सीमध्ये हॉफमन-ला रोश या कंपनीत काम करायचे, तरुणपणी पोलंडमधल्या क्राकोमध्ये असताना रंगांसाठी अभ्यासलेली काही रसायनं त्यांनी औषध म्हणून परत हाताळली, पण काही हाती लागेना म्हणून ते काम थांबवण्यात आलं. १९५७ मध्ये प्रयोगशाळा आवरताना एक न तपासलेला नमुना सापडला, तपासायला पाठवला, आणि प्राणी शांत होतायत पण गाढ बेशुद्ध होत नाहीयेत असं दिसलं. तेच लिब्रियम, १९६० मध्ये बाजारात आलं, आणि १९६३ मध्ये त्याचं भावंड व्हॅलियम, म्हणजेच डायझेपाम. नंतर वर्षानुवर्षं ते अमेरिकेत सगळ्यात जास्त लिहून दिल्या जाणाऱ्या औषधांत होतं. मजेशीर भाग असा की ते मेंदूत नेमकं कुठे बसतं हे सापडलं १९७७ मध्ये, म्हणजे तोपर्यंत लोक ते कसं काम करतं हे न कळताच घेत होते, डॉक्टरही न कळताच देत होते.

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी की मेंदू नुसता बघत बसत नाही. रोज कुणीतरी बाहेरून येऊन बिजागरीला तेल घालतंय म्हटल्यावर तो आपल्या बाजूने बिजागरी घट्ट करायला लागतो, दारांची रचना आणि प्रतिसाद बदलतो, आणि पलीकडे "बोल" म्हणणाऱ्या ग्लुटामेट नावाच्या निरोप्याचा आवाज वाढवतो. काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत झोप आणण्याचा असर ओसरायला लागतो, तीच गोळी पण आता पूर्वीसारखी "लागत" नाही. आणि अशा वेळी गोळी एकदम काढून घेतली तर तेल संपलं आणि बिजागरी मात्र घट्टच, म्हणजे मुळात होती त्यापेक्षाही वाईट अवस्था. झोप पार उडते, हात थरथरतात, घाम, उजेड आणि आवाज सहन होत नाही, आणि काहींना चक्क फिट येते, भ्रम होतो, जीवावरही बेतू शकतं. म्हणून वरची सूचना. हे डोस वाढवून गैरवापर करणाऱ्यांनाच होतं असं नाही, डॉक्टरांनी लिहून दिलेला डोस प्रामाणिकपणे घेणाऱ्यालाही होऊ शकतं, आणि त्याला व्यसनी म्हणणं हे मला फार अन्यायाचं वाटतं. शरीराला सवय होणं आणि व्यसन लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यातला सगळ्यात फसवा भाग म्हणजे गोळी सुटल्यावरचा त्रास आणि मूळ आजार बऱ्याचदा सारखेच दिसतात. माणूस दोन रात्री गोळी चुकवतो, डोळ्याला डोळा लागत नाही, जीव घाबरा होतो, आणि तो म्हणतो बघा, मला गोळीशिवाय जमतच नाही. माझंही असंच झालं होतं, आणि मी ते वर्षभर खरं मानलं. त्यातला बराचसा भाग आजार नव्हताच, गोळी उतरत होती.

उतरण्याचा वेग प्रत्येक गोळीचा वेगळा असतो आणि हे समजून घेतलं की बऱ्याच कोड्यांची उत्तरं मिळतात. रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ झोल्पिडेमचा (ही झोपेची नंतर आलेली गोळी, तिच्याबद्दल पुढे) साधारण २ ते ३ तास, अल्प्राझोलामचा ११ तासांच्या आसपास, क्लोनाझेपामचा ३० ते ४० तास, आणि डायझेपामचा तर एक-दोन दिवस, वर ते तुटून जो पदार्थ बनतो तोही कामाचा असतो आणि अजून लांब रेंगाळतो. आता विचार करा, क्लोनाझेपाम रोज रात्री घेतलं तर कालचं निम्म्याहून जास्त शिल्लक असतानाच आजचं पोटात जातं, ते साठत साठत काही दिवसांनी एका पातळीला येऊन थांबतं, म्हणजे ती "रात्रीची" गोळी खरं तर चोवीस तासांची आहे. दिवसा येणारी सुस्ती, नावं न आठवणं, वाक्य अर्ध्यावर विसरणं, हे वय झालं म्हणून असेलच असं नाही. उलट अल्प्राझोलाम लवकर उतरतं, त्यामुळे दोन गोळ्यांच्या मधल्या वेळातच घबराट डोकं वर काढते आणि माणसाला वाटतं डोस कमी पडतोय. वय वाढलं की यातली बरीचशी औषधं शरीरातून अजून हळू बाहेर पडतात आणि मेंदूही त्यांना जास्त हळवा होतो, रात्री बाथरूमला उठलं, तोल गेला, खुबा मोडला, ही गोष्ट म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत इतक्या वेळा घडते की त्यांच्यासाठी शक्यतो टाळायच्या औषधांच्या यादीत ही नावं असतात.

झोल्पिडेम वगैरे नंतर आलेल्या गोळ्या रसायन म्हणून वेगळ्या, पण बसतात त्याच दाराशी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये झोल्पिडेमचा बायकांसाठीचा सुरुवातीचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणला कारण सकाळी गाडी चालवायच्या वेळीही रक्तात बरंच औषध राहत होतं, आणि २०१९ मध्ये झोपेत चालणं, स्वयंपाक करणं, गाडी चालवणं याबद्दल ठळक इशारा छापायला लावला. त्यामुळे "ही नवी आहे, हिची सवय लागत नाही" असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका.

आणि ही झोप तरी कशी? गोळीने डोळा लवकर लागतो हे खरं, पण मेंदूच्या लहरी मोजल्या तर बेन्झोडायझेपिनमुळे गाढ झोपेतल्या मोठ्या संथ लहरी कमी होतात आणि मधल्या हलक्या टप्प्याची झोप वाढते. शिवाय ही औषधं नवीन आठवणी साठू देत नाहीत (ऑपरेशनच्या आधी देतात त्यातलं हे एक कारण), त्यामुळे रात्री चार वेळा जाग आली तरी सकाळी ती आठवत नाही. छान झोप लागली असं जे वाटतं त्यातला थोडा भाग हा विसरण्याचा असतो.

मी या गोळ्यांच्या विरोधात आहे असं समजू नका, खरंच नाही. फिट थांबत नसेल तेव्हा, दारू सोडताना येणाऱ्या झटक्यांत, एखाद्या भयंकर आठवड्यात, किंवा चिंतेचं दुसरं औषध लागू पडायला जे काही आठवडे लागतात तेवढ्या काळात, या गोळ्या माणसाला अक्षरशः वाचवतात. १९८८ मध्येच ब्रिटनमध्ये डॉक्टरांना सांगितलं गेलं होतं की दोन ते चार आठवड्यांपलीकडे नको, पण तीच चिठ्ठी पुन्हा पुन्हा चालत राहते आणि चारचे चाळीस आठवडे कधी होतात कळत नाही. म्हणून पहिल्या दिवशीच डॉक्टरांना विचारायचं, ही थांबवायची कधी आणि कशी. दारू आणि मॉर्फिनसारख्या ओपिऑइड वेदनाशामकांबरोबर तर कधीच नाही, कारण श्वास मंदावणाऱ्या दोन गोष्टी एकत्र आल्या की बेरीज फार वाईट होते.

चिंतेच्या बाबतीत अजून एक बारीक नुकसान आहे. पॅनिक अटॅक न अडवताही चढतो, शिखराला जातो आणि साधारण अर्ध्या-पाऊण तासात आपोआप उतरतो, पण मेंदूला हे शिकायला ते उतरणं अनुभवावं लागतं. दर वेळी गोळी घेतली तर श्रेय गोळीला जातं, हळूहळू खिशात पाकीट नसेल तर घराबाहेर पाय टाकवत नाही.

निद्रानाशासाठी अमेरिकन डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेने २०१६ मध्ये गोळीच्या आधी ज्या उपचाराचं नाव घेतलं ती एक प्रकारची शिकवणी आहे, झोपेसाठीची सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायचा उपचार. तिचा गाभा दिसायला उलटा आहे, अंथरुणातला वेळ वाढवायचा नाही तर कमी करायचा. आठ तास लोळून पाचच तास झोप लागत असेल तर जवळपास तेवढाच वेळ अंथरुणात, उठायची वेळ ठरलेली, झोप येत नसेल तर उठून दुसऱ्या खोलीत. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि त्यातून झोपेचा दाब तयार होतो, त्या दाबाला काम करू द्यायचं. पहिले दोन आठवडे दिवस फार जड जातात, खोटं कशाला सांगू, आणि फिटचा किंवा बायपोलरचा त्रास असेल तर हे मनाने सुरू करू नये. पण गोळी बंद झाली की तिचा असर संपतो, हे शिकलेलं राहतं.

गोळी सोडायची तर हळू. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलमध्ये हेदर ॲश्टन या डॉक्टरांनी १९८२ पासून बारा वर्षं फक्त यासाठीचं क्लिनिक चालवलं, रुग्णांचं ऐकून ऐकून त्यांनी दाखवून दिलं की वेग रुग्णाच्या सोयीने ठेवला तर बहुतेकांना जमतं. हल्ली साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के कमी, असं सुरू करतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि त्रास झाला तर तिथेच काही दिवस थांबायचं. टक्के चालू डोसचे धरायचे, त्यामुळे पायऱ्या लहान होत जातात. मला सात महिने लागले आणि त्यातला शेवटच्या पाव गोळीलाच सगळ्यात जास्त वेळ गेला, डॉक्टरांनी तो घेऊ दिला, घाई केली नाही. अजूनही महिन्यातून एखादी रात्र कोरडी जाते, मग मी उठून बाहेरच्या खोलीत जाऊन बसतो, आणि दुसऱ्या दिवशी रात्री बहुतेक वेळा झोप लागते.