वाऱ्याची वधू (डी विंड्सब्राउट)

ऑस्ट्रियन चित्रकार ऑस्कर कोकोश्का (१८८६–१९८०) याने १९१३-१४ मध्ये व्हिएन्नात रंगविलेले हे तैलचित्र अभिव्यक्तिवादी (हुबेहूब दृश्यापेक्षा मनातील भावना व्यक्त करण्यावर भर देणाऱ्या) चित्रकलेतील प्रमुख कृतींपैकी एक मानले जाते. त्याची उंची सुमारे १८१ सेंमी. व रुंदी सुमारे २२० सेंमी. असून ते स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या कलासंग्रहालयात आहे.

संगीतरचनाकार गुस्टाफ मालर याची विधवा आल्मा आणि कोकोश्का यांची १९१२ मध्ये भेट झाली. ती त्याच्याहून सात वर्षांनी मोठी होती. त्याचे प्रेम उत्कट, तितकेच हक्क गाजवणारे व संशयी होते. लग्नाचा त्याचा आग्रह ती टाळत राहिली, आणि अस्सल श्रेष्ठ चित्र काढून दाखविल्यास लग्न करीन, असे तिने म्हटल्याचे सांगितले जाते.

चित्रात वादळी निळ्या-हिरव्या झोतांच्या पोकळीत एक जोडपे, म्हणजे कोकोश्का आणि आल्मा, तरंगताना दिसते. स्त्री पुरुषाच्या खांद्यावर डोके टेकवून शांत झोपली आहे. तो मात्र टक्क जागा असून त्याची बोटे एकमेकांत घट्ट गुंतलेली आहेत. रंगांचे जाड थर आणि पिळवटलेले फटकारे त्याच्या देहावरूनही फिरतात, त्यामुळे त्याचे शरीर सोलल्यासारखे भासते, तर तिची कांती तुलनेने सलग व उजळ आहे. या चित्राला मीलनाचे चित्र म्हणण्याची प्रथा असली, तरी त्यात खरे ठळकपणे उमटते ते पुरुषाचे एकाकीपण. एकाच शय्येवरील दोघे येथे दोन निराळ्या अवस्थांत आहेत. कोकोश्काने आधी त्याला ‘ट्रिस्टान आणि इझोल्डे’ हे मध्ययुगीन दंतकथेतील प्रेमी युगुलाचे नाव योजले होते. चित्र रंगत असताना स्टुडिओत येणाऱ्या गेओर्ग ट्राक्ल या कवीच्या ‘रात्र’ या कवितेत सध्याच्या शीर्षकातील ‘विंड्सब्राउट’ हा शब्द आढळतो.

चित्र पूर्ण झाले, पण लग्न झाले नाही. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर हॅम्बर्गच्या एका औषधविक्रेत्याने ते विकत घेतले, आणि त्या पैशातून कोकोश्काने घोडदळात जाण्यासाठी घोडा घेतला. १९१५ मध्ये तो पूर्व आघाडीवर गंभीर जखमी झाला. त्याच वर्षी आल्माने वास्तुशिल्पी वाल्टर ग्रोपिउसशी विवाह केला. पुढे हॅम्बर्गच्या संग्रहालयात गेलेले हे चित्र नाझी राजवटीने १९३७ मध्ये ‘अधःपतित कला’ ठरवून जप्त केले. १९३९ मध्ये अशा जप्त चित्रांच्या विक्रीतून बाझेलच्या संग्रहालयाने ते खरेदी केले.