थंबडेटा फाईल व्हायरस नाहीये

जुन्या अँड्रॉइड फोनमधे डीसीआयएम फोल्डरच्या (कॅमेऱ्याचे फोटो साठतात त्या) आत ‘.थंबडेटा३’ अशा नावाची लपलेली फाईल असते, कधी कधी जीबीत जाते, डिलीट केली तरी परत येते, म्हणून वर्षानुवर्षं लोक सांगतायत की हा व्हायरस आहे, फोन फॉरमॅट मारा. कृपया असं काही करू नका, लोकांचे लग्नाचे, बाळाचे फोटो यात कायमचे जातात!

ती फाईल फोन स्वतःच बनवतो. गॅलरी पटकन उघडावी म्हणून फोटोंची छोटी चित्रं त्यात साठवलेली असतात. फोनमधल्या प्रत्येक फोटोला एक नंबर मिळतो आणि त्या नंबरप्रमाणे फाईलमधे १०,००० बाइट्सची जागा ठरते, फोटो उडवला तरी त्याचा नंबर दुसऱ्याला मिळत नाही, नंबर पुढेच जात राहतात, मग फाईल फुगणारच. नंबर १ लाखावर गेला की झाली १ जीबी.

जागा हवी असेल तर खुशाल डिलीट करा, मूळ फोटोंना काही होत नाही, फक्त गॅलरी सुरुवातीला जरा हळू चालेल. परत आली तर घाबरू नका, पुन्हा लहानच असेल असं मात्र नाही, कारण नंबर तेच राहतात. आणि ‘क्लीनर’ ॲप तर अजिबात टाकू नका.